मुदतपूर्व

काळाला आदि नाही आणि अंतही नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आदीचं माहीत नाही, पण अंत असतो. तो तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ठरतो, शक्यतो जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि ठरवणाऱ्या माणसाला ऑफिसात मुदतसाहेब म्हणतात. राज्यातल्या प्रत्येक व्यवसायाने, मग तो सिमेंटचा कारखाना असो नाहीतर कोपऱ्यावरचा चावीवाला, वर्षातून एकदा सरकारला आपली माहिती कळवायची असते: नाव काय, पत्ता कुठला, भागीदार कोण, आणि गेल्या वर्षापासून यात काही बदल झाला का. ही माहिती कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घ्यायची ते मुदतसाहेब ठरवत. शेवटची तारीख उलटली की न कळवणाऱ्यांची नावं नोंदणीतून काढून टाकली जात. त्यानंतरही त्या दुकानाचं शटर सकाळी वर जातंच. पण सरकारच्या लेखी ते दुकान नसतं, बँक त्याला ओळख देत नाही, वीज कंपनी ओळख देत नाही, आणि नसलेल्या दुकानात रोज जाऊन बसणाऱ्या माणसाला हळूहळू स्वतःबद्दलही शंका येऊ लागते.

त्या दिवशी खोलीत तसं काहीच घडलं नाही. मुदत नुकतीच संपली होती, चहा आला होता, आणि विभागात नवीन लागलेली मुलगी नोंदणीतून काढायची नावं तपासता तपासता मधूनच एखादं मुदतसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवत होती. "साहेब, 'भरवसा ब्रेक दुरुस्ती'. ब्रेकवाल्याला हे नाव सुचावं म्हणजे बघा." तो हसला. "साहेब, ही 'न्यू' किती आहेत हो! जेवढी जुनाट दुकानं तेवढी सगळी न्यू." तो पुन्हा हसला. मग बिस्कीट चहात बुडवत ती म्हणाली, "हे बघा किती गोड आहे. 'सुईदोरा'. शिवणयंत्रांची दुरुस्ती आणि सुटे भाग. भागीदार दोन, भाऊ आणि बहीण." बिस्कीट तुटून चहात पडलं. "गेलं," ती म्हणाली. ती बिस्किटाबद्दल म्हणाली होती. पण त्याला मात्र जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. त्या भाऊ-बहिणीतला भाऊ तो स्वतः होता. मुलीच्या हे लक्षात आलं नाही. त्याचं खरं नाव त्या इमारतीत पगारपत्रकाखेरीज कुठेच वापरात नव्हतं.

आपण भागीदार आहोत हे तो साफ विसरला होता, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. नोकरीला लागताना त्याने 'वडिलार्जित, नावापुरती' असं लिहून या भागीदारीची रीतसर परवानगी काढली होती आणि मग रीतसर ती भागीदारी बाजूला ठेवून दिली होती, दाढ भरून घ्यावी आणि जिभेने तिथे जाणं सोडून द्यावं तशी. दुकान बाबांचं. बाबांनी त्याचं नाव आणि ताईचं नाव एकाच दिवशी, एकाच शाईने भागीदार म्हणून घातलं होतं, तेव्हा तो कॉलेजात होता आणि ताई दुकानात. पुढे तो ऑफिसात गेला आणि ताई दुकानातच राहिली. आता बाबा नव्हते. दरवर्षी कुणीतरी 'बदल नाही' असं लिहून पाठवत होतं, आणि ते पाठवणारं कुणीतरी म्हणजे ताईच. म्हणजे ती दरवर्षी सरकारला सांगत होती की माझा भाऊ आहे, तोच आहे, माझ्याबरोबर आहे. हे त्याला ती कधीच सांगत नसे. त्याच्याशी फोनवर ती वर्षातून दोनदा बोलायची, आणि ते तुझ्याकडे उकडतंय का इतपतच. यंदा तिने सरकारलाही काही सांगितलं नव्हतं.

का, हा प्रश्न त्याला चावला. चावला म्हणजे वाईट वाटलं असं नव्हे. वाईट नंतर वाटायचं होतं. आधी त्याला निव्वळ उत्सुकता वाटली, शेजाऱ्यांच्या बंद घरात रात्रभर दिवा जळत राहिला तर वाटावी तशी. ताई विसरणार नाही. ताई म्हणजे बाबांची मुलगी. दुधवाला यायच्या आधी पातेलं घेऊन दारात उभी. ती आजारी असेल? आजारी असती तर तिने आधी सगळी माहिती भरली असती आणि मग ताप काढला असता. दुकान बंद केलं असेल? की भागीदारांच्या रकान्याशी येऊन तिचा हात थांबला असेल? आपल्याला काढायचं आहे, पण काढायला एक ओळ लिहावी लागते, आणि ती लिहिण्यापेक्षा सगळं दुकानच नोंदणीतून जाऊ दे, असं तर नाही? त्याने मनातल्या मनात स्वतःचंच माहितीपत्रक भरून पाहिलं. नाव: बदल नाही. पत्ता: बदल नाही. व्यवसायाचं स्वरूप: इथे तो अडकला. इतरांची वेळ संपल्याचं इतरांना कळवणे. भागीदार: बायको, असं लिहून त्याने मनातच खोडलं, कारण तिला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. संध्याकाळी त्याने विचारलंही. "तुला कुणी दरवर्षी विचारलं की काही बदल आहे का, तर काय सांगशील?" बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आधी विचारू दे तर कुणी," ती म्हणाली, आणि त्याचा शर्ट त्याच्या हातात दिला.

फोन करून ताईला विचारणं हा सरळ मार्ग होता, म्हणून तो लगेच बाद झाला. विचारणार कोण? भागीदार म्हणून विचारावं, तर इतकी वर्षं कुठे होतास? अधिकारी म्हणून विचारावं, तर ती म्हणणार नोटीस पाठवा. आणि भाऊ म्हणून विचारायचं तर त्याला त्या एका वाक्याच्या अलीकडे यावं लागलं असतं. बाबा गेले त्याच आठवड्यात, दुकानात भेटायला आलेल्या लोकांच्या खुर्च्या अजून मांडलेल्या असताना, तो म्हणाला होता, "ताई, आता हे बंद करून टाक. शिवतंय कोण हल्ली?" ताईने खुर्च्या एकात एक रचल्या. मग म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तू लवकर आलास." एवढंच. तेव्हापासून उकाड्याची चौकशी.

लवकर येणं ही त्यांच्या घराण्याची व्याधी होती. बाबा कुठेही वेळेवर पोचत नसत. त्याच्या पुष्कळ आधी पोचत. लग्नाला पोचत तेव्हा हॉलवाला टेम्पोतून खुर्च्या उतरवत असे, आणि बाबा दोन्ही मुलांना कामाला लावत, कारण रिकामं उभं राहणं वाईट दिसतं. लोक वरातीमागून घोडं नेतात, यांचं घोडं वरातीच्या आधी जाऊन दारात खिंकाळत असे. स्टेशनवर ते आपल्या आधीच्या गाडीच्याही आधी हजर, आणि ती आधीची गाडी निघून गेली की समाधानाने म्हणत, "बघितलंत? हिने जायचं असतं तरी चुकली नसती." दातांच्या डॉक्टरकडे डॉक्टरच्या आधी. शाळेच्या फाटकाशी शिपायाच्या आधी. तो आणि ताई त्या फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून राहत, थंड दगड चड्डीतून वर यायचा, रस्त्यावर झाडूवाला आणि एक कुत्रं, आणि जगात अजून काहीच सुरू झालेलं नाही अशी ती भयाण लाज. ताईला लाज वाटत नसे. ती खिशातून बटणं काढायची, दुकानातली, शिंपल्याची, प्लॅस्टिकची, एक हाडाचं, आणि पैज लावायची: सगळ्यात आधी कोण येणार? त्याने भूगोलाच्या बाई म्हणायचं, तिने मुख्याध्यापक. ती नेहमी जिंकायची. तो हरलेली बटणं घरी जाऊन तिच्या डब्यातून परत घ्यायचा. बाबा गेले तेही डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आधी. डॉक्टर नाराज दिसले. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती, तिने मान हलवली, म्हणजे यात नवल काय.

तो मात्र या सगळ्यातून सुटला. निदान त्याची तशी समजूत होती. अख्ख्या देशात त्याने नेमकं असं खातं शोधून काढलं जिथे लोक उशिरा येतात आणि उशिरा येणं हाच कामाचा विषय असतो. शेवटच्या दिवशीची ती झुंबड, खिडकीत घुसणारे हात, "साहेब, एवढं घ्या ना, जिन्यातच होतो", हे सगळं त्याला मनापासून आवडे. इथे कुणीही दगडावर बसून वाट पाहत नव्हतं. फक्त काही थोडी, मोजकी माणसं मुदत सुरू व्हायच्याही आधी माहिती पाठवून मोकळी होत, आणि त्यांची पत्रकं पाहिली की त्याच्या मांड्यांना थंड दगड लागे. गेल्या वर्षी त्याने त्यांचा बंदोबस्त केला. मुदत सुरू होण्यापूर्वी आलेली माहिती स्वीकारू नये, ती परत करावी, असा नियम त्याने सुचवला. कारणही दिलं: आधी दिलेली माहिती ही माहिती नसून अंदाज असतो. या वाक्याचा त्याला अभिमान होता. वरिष्ठांना कळलं नाही, त्यामुळे ते मंजूर झालं. जांभळ्या शाईचा एक नवा शिक्का आला, 'मुदतपूर्व', आणि तो पहिल्यांदा उमटवून बघायचा मान त्याने स्वतःकडे घेतला होता.

हे सगळं त्या आठवड्यात त्याच्या डोक्यात होतं. पण सुटं सुटं होतं. शिक्का एका खणात, ताई दुसऱ्या खणात, दगड तिसऱ्यात. हुशार माणसांचं असंच असतं. खण अनेक असतात आणि एकदम एकच उघडता येतो. त्याने उघडला तो मुदतवाढीचा. मुदत वाढवली तर नावं काढणं लांबेल, नावं काढणं लांबलं तर सुईदोरा राहील, तेवढ्यात ताई काय ते ठरवेल. एका दुकानापुरती मुदत वाढवता येत नाही; वाढवायची तर सिमेंटच्या कारखान्यांसकट सगळ्या राज्याची. त्याने टिपण लिहिलं. वरच्या मजल्यावर मोठ्या बाई बसत, निबंधक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं, म्हणजे पहिली ओळ वाचली. "'अनेक व्यावसायिकांच्या अडचणी लक्षात घेता'. अनेक म्हणजे कोण?" "अनेक म्हणजे, बरेच." "कुणी मागितलीय का मुदतवाढ?" "मागायला त्यांना सवड झाली नसावी, बाई. तीच तर अडचण." मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या बाईंना एवढ्या वर्षांत कुणी फसवलं नव्हतं, पण पुष्कळांनी कंटाळा आणला होता. "एक महिना," त्या म्हणाल्या आणि सही केली. जिना उतरताना त्याला आपण फार मोठं काहीतरी केलं असं वाटलं. एका बहिणीसाठी सबंध राज्याचा काळ महिनाभर थांबवलेला होता. ग्रहतारे सोडून सगळं त्याच्या ताब्यात होतं. खाली पोचल्यावर त्याला आठवलं की छत्री वर राहिली.

शनिवारी तो दुकानात गेला. जाताना रस्त्यात दोनदा त्याला वाटलं की शटर खाली असेल, आणि दोन्ही वेळा त्यात भीती किती आणि सुटका किती हे त्याला नीट मोजता आलं नाही. शटर वर होतं. आत तोच वास, यंत्राच्या तेलाचा आणि तापलेल्या पट्ट्याचा, आणि तो वास नाकात जाताक्षणीच त्याची उंची कमी झाली. भिंतीशी उघडी पडलेली यंत्रं, पोटं वर करून. लाकडी खणांवर बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: सुया, बॉबिन, पट्टे, किरकोळ. ताई स्टुलावर बसून एका यंत्राच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून ऐकत होती. ती यंत्रं आधी ऐकायची, मग उघडायची. केस पुष्कळ पांढरे झाले होते. हे फोनवर कळलं नव्हतं. "बस," ती मान वर न करता म्हणाली. "त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय." तो उभाच राहिला. तिने नेहमीचंच विचारलं, "तुझ्याकडे उकडतंय का?" "ताई, तू यंदा माहिती भरली नाहीस." "अस्सं? कोण म्हणतं?" "सरकार." "सरकार स्वतः आलं होय? मग बस ना, त्या खुर्चीवरच बस."

तो बसला. खुर्ची कलली पण राहिली. मग त्याने सांगून टाकलं, की नाव जाणार होतं, की त्याने मुदत वाढवून घेतली, एक महिना, सगळ्यांची. आपल्या आवाजात जरासा उपकार शिरतोय हे त्याला ऐकू येत होतं, पण ते थांबवता येईना. ताईने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. "सगळ्यांची? अख्ख्या राज्याची?" "हो." "माझ्यासाठी?" "म्हणजे, अनेक व्यावसायिकांच्या अडचणी..." "आणि कुठल्या टोकाने वाढवलीस?" त्याला प्रश्न कळला नाही. ताई उठली, 'किरकोळ' लिहिलेला खण ओढला आणि त्यातून एक घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. तिचं स्वच्छ, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि त्यावर आडवा, जांभळा, जरा जास्तच शाई घेतलेला शिक्का. 'मुदतपूर्व.' "मी पाठवली होती रे. दरवर्षी पाठवते तशीच. तुमच्याकडून परत आली. तुमची खिडकी उघडायच्या आधी पोचली म्हणून परत. बाबांच्या वेळेपासून आधी पाठवतोय, कधी कुणी नाही म्हटलं नाही. कुठल्या शहाण्याने हा शिक्का काढला?"

उत्तर देणं अवघड नव्हतं. शहाणा समोरच बसला होता, पाय गेलेल्या खुर्चीवर. सगळे खण एकदम उघडले आणि सगळं एकमेकांत सांडलं. "आधी दिलेली माहिती ही माहिती नसून..." तो म्हणाला आणि थांबला. ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं, यंत्र ऐकताना पाहायची तसं. "तू काढलास," ती म्हणाली. विचारलं नाही. मग ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, बाबा हसायचे तशी, आणि ते थांबेना. "म्हणजे पुढच्या दाराला कुलूप तूच लावलंस, आणि मागची भिंतही तूच पाडलीस. वर मला सांगायला आलास, या, मोकळं आहे." "मग पुन्हा दे ना पाठवून," तो म्हणाला. "का? एकदा देऊन परत आलेली वस्तू मी पुन्हा देत नाही. मला वाटलं सरकारला नको असेल. मला वाटलं..." इथे तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. "मला वाटलं तुला नको असेल. तुझ्या हाताखालून जातात ना ही? वाटलं, त्याने नाव वाचलं आणि परत पाठवलं. म्हटलं ठीक आहे. लवकर का होईना, सांगितलं." तो म्हणाला, "मी वाचलं नाही गं. शिक्के मी नाही मारत." "वाचलं नाहीस हे जास्त चांगलं आहे का?" ताई म्हणाली आणि यंत्रात वाकली. निघताना त्याने विचारलं, "येशील?" "बघू. तुझी शेवटची तारीख आहे ना? बघू तुझी शेवटची तारीख."

तो महिना त्याने कसा काढला हे सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. खिडकी उघडी होती. खिडकीमागे नवीन मुलगी बसून पायमोजा विणू लागली. कुणीही आलं नाही. पहिल्यांदाच त्याला खिडकीच्या आतल्या बाजूने कुणाची तरी वाट पाहावी लागत होती, आणि त्याच्या ध्यानात आलं की वाट पाहणं हे फाटकाच्या दोन्ही बाजूंना सारखंच थंड असतं. शिक्क्याचा नियम रद्द करावा म्हणून त्याने नवं टिपण ठेवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "घालायला तुम्हीच, काढायला तुम्हीच. पुढच्या वर्षी बघू," आणि चष्मा कपाळावर नेला. त्याने ताईला फोन केला नाही. हातात घेऊन परत ठेवून दिला, असं मात्र बरेचदा झालं. ताई आली नाही तर सुईदोरा जाईल, आणि त्याच्याबरोबर जगातला तो एकमेव कागद जाईल ज्यावर त्या दोघांची नावं एकाखाली एक होती.

शेवटच्या दिवशी तो पहाटेच जागा झाला. बायको म्हणाली, "कुठे निघालास? ऑफिसला कुलूप असेल." "माहीत आहे," तो म्हणाला. रस्त्यावर झाडूवाला होता. कुत्रंही होतं, त्याच जातीचं, म्हणजे कुठल्याच जातीचं नसलेलं. इमारतीचं फाटक बंद होतं आणि फाटकाबाहेरच्या पायरीवर ताई बसली होती, मांडीवर पिशवी, पायात दुकानातल्याच चपला. "कधी आलीस?" "आत्ताच," ती म्हणाली. बाबांच्या घरात याचा अर्थ तासभर. तो शेजारी बसला. दगड पँटमधून वर आला, अगदी तसाच, कुणी तो इतकी वर्षं थंड करून ठेवला असावा तसा. मग ताईने पिशवीत हात घातला, चाचपडून एक बटण काढलं आणि दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवलं. "सगळ्यात आधी कोण?" "नवीन मुलगी," तो म्हणाला. "चहावाला," ताई म्हणाली. चहावाला आला. हरल्यावर द्यायला भावाकडे बटण नव्हतंच, तिने आपलंच उचलून परत पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "उधारी."

खिडकी उघडल्यावर ताई रांगेत उभी राहिली. रांग तिच्या एकटीची होती. तिने तोच कागद पुढे सरकवला, जांभळ्या शिक्क्यासकट. "आजी, यावर तर जुना शिक्का आहे," मुलगी म्हणाली. "आजोबा तुझ्या साहेबांना म्हण, मला ताई म्हण," ताई म्हणाली. "शिक्का आहे, पण खालचं सगळं अजून खरं आहे. वाचून बघ." मुलीने मोठ्याने वाचलं, तिला ती सवय होतीच. नाव, सुईदोरा, बदल नाही. पत्ता, बदल नाही. भागीदार. मागे, दाराशी, मुदतसाहेब छत्रीच्या मुठीवरचा पट्टा उलगडत आणि गुंडाळत उभे होते. "भागीदार दोन," मुलगी वाचत होती, "बदल नाही."

मुदतवाढीच्या त्या महिन्यात राज्यभरातून आलेलं हे एकमेव माहितीपत्रक. बाकीचे दुसऱ्या मुदतवाढीची वाट पाहत होते, आणि पुढच्या आठवड्यात ती मिळाली.